आधी काटा, मग पाटा

पाटा म्हटलं की घरात वरवंटा आठवतो आणि मैदानावर गोलंदाजांना रडवणारी खेळपट्टी. तिसरा पाटा फक्त त्यांच्या ओळखीचा, ज्यांच्या कपड्यांना कधी ना कधी ग्रीस लागलं आहे. जीपखाली वाकून पाहिलंत तर मागच्या एक्सलच्या दोन्ही अंगांना तो दिसेल. धनुष्यासारखा बाक दिलेल्या पोलादी पट्ट्या, एकीखाली एक, खालची वरचीपेक्षा आखूड, मधोमध सेंटर बोल्टने ओवलेल्या आणि यू-बोल्टांनी एक्सलला जखडलेल्या. हे पुस्तक त्या पाट्यांबद्दल आहे आणि त्यांची जागा घेत चाललेल्या कॉईल स्प्रिंगबद्दलही. त्यातही फक्त मागच्या.

हस्तलिखित वाचून एका मित्राने विचारलं, ‘पुढच्यांनी काय घोडं मारलंय?’ काही नाही. पुढच्या स्प्रिंगांवर इंजिन बसलेलं असतं आणि इंजिनाचं वजन सोमवारी आणि रविवारी सारखंच भरतं. मागची बाजू मात्र रोज वेगळी. सकाळी दूध आणायला एकटाच गेलो तर मागे काहीच नाही. संध्याकाळी चार माणसं आणि त्यांच्या पिशव्या. मे महिन्यात टपावर तंबू, आत पाण्याचे कॅन, शेगडी, डिझेलचा जादा डबा, दोरखंड, फावडं आणि एक पाहुणा, जो ‘मी कुठेही मावतो’ असं म्हणतो. मागच्या स्प्रिंगांनी यातलं नेमकं काय धरून बसावं, हाच या विषयातला खरा तिढा आहे. पुढच्या स्प्रिंगांना असला प्रश्न फारसा पडत नाही, म्हणून त्यांना एका परिशिष्टात आटोपलं आहे.

माझं शिक्षण चुकीतून झालं, ती चूक आधी सांगून टाकतो.

माझी जीप पहिल्या पिढीतली थार. पुढे टॉर्शन बार, मागे पाटे. लडाखला जायचं ठरलं तेव्हा ती मागून जरा बसलेली दिसायला लागली होती. हमरस्त्याला लागून असलेल्या एका पाटेवाल्याकडे नेली. दुकान कसलं, पत्र्याची शेड. कोळशाची भट्टी, ऐरण आणि भिंतीला टेकवलेले शेकडो पाटे, ट्रकचे, ट्रॅक्टर-ट्रॉलीचे, टेम्पोचे. तो खाली वाकला, दोन्ही बाजूंना बोटाने पाटे मोजले आणि विचारलं, ‘सीट किती भरता?’

या प्रश्नात पश्चिम महाराष्ट्राच्या वाहतुकीचा अर्धा इतिहास आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या भागांत ज्याला वडाप म्हणतात, त्या जीपगाड्यांनी गावोगावची माणसं बाजाराला, शाळेला आणि लग्नाला नेली. नोंद नऊ-दहा सीटची, आत त्याच्या दुप्पट, शिवाय मागच्या पायरीवर लटकलेले वेगळे. मूळ पाटे अशा भाराखाली सरळ होऊन जात. मग एक जादा पाटा टाकायचा, तोही बसला की आणखी एक. पाटेवाल्याचं सगळं शास्त्र या गरजेतून आलेलं आणि त्या गरजेपुरतं ते अचूक होतं. वडापची गाडी रिकामी धावतच नाही. भरल्याशिवाय ती स्टँडवरून हलत नाही. तिला कडक पाटेच हवेत.

माझी गाडी वर्षातले तीनशेहून जास्त दिवस रिकामी धावणार होती, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. मी म्हणालो, ‘लडाखला जायचंय, भरपूर सामान आहे.’ त्याने मान डोलावली आणि दोन्हीकडे दोन-दोन पाटे वाढवून दिले. गाडी मागून रुबाबदार उभी राहिली. मी दोन दिवस पुन्हा पुन्हा खाली जाऊन तिच्याकडे बघून येत होतो.

लडाख नीट पार पडलं. घोळ परत आल्यावर झाला. पहिल्या पावसात मुळशीच्या पलीकडे एका पाणंदीत शिरलो. आधीच्या वर्षी हीच पाणंद हसतखेळत पार केली होती. मधोमध बैलगाड्यांनी पाडलेली खोल चाकोरी, एका अंगाला दगडी बांध. डावं पुढचं चाक बांधावर चढलं, गाडी तिरपी झाली आणि उजव्या बाजूने कोणीतरी ओरडलं, ‘मागचं चाक वर आहे!’ खाली उतरून पाहिलं तर मागचं डावं चाक जमिनीपासून चांगलं वीतभर वर, हवेत भिरभिरत होतं. बाकीची तीन चाकं चिखलात शांत. गाडी पुढे जाईना. आधीच्या वर्षी तेच चाक पाट्यांच्या लवचिकपणावर खाली उतरून जमिनीला लागलं होतं. आता वाढवलेले पाटे त्याला सोडतच नव्हते. त्यातून माझ्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलला लॉक नाही. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. हवेतलं चाक जोर घेऊच शकत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही मिळत नाही. शेवटी शेजारच्या शेतातल्या ट्रॅक्टरने ओढून काढलं. ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेतले नाहीत, पण जाताना खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, ‘एवढे पाटे कशाला घातलेत? ऊस वाहताय का?’

या एका वाक्यावर मी नंतर पुष्कळ वाचलं, मोजलं आणि हे पुस्तक झालं.

स्प्रिंगचा मूळ नियम सोपा आहे. जितकं वजन, तितकी ती दबते. वजन दुप्पट झालं की दबणंही दुप्पट. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७६ साली हा शोध अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला होता, म्हणजे श्रेय आपलं राहावं आणि गुपितही फुटू नये. उत्तर त्याने १६७८ मध्ये सांगितलं. गाडीच्या भाषेत याचा अर्थ असा, की एखादी स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला किती किलो लागतात, तो आकडा म्हणजे तिचा कडकपणा. स्प्रिंग विकत घेताना हा आकडा विचारा. बहुतेक दुकानांत तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतील. तरीही विचारा.

आता माझ्याच गाडीचं गणित पाहू. आकडे सोयीसाठी जरा गोल केले आहेत. रिकाम्या गाडीच्या मागच्या एक्सलवर, मी चालवायला बसलेला धरून, ७८० किलो. यातले साधारण १८० किलो एक्सल, चाकं आणि टायर यांचेच. ते स्प्रिंगच्या खाली असतात, स्प्रिंगवर त्यांचा भार नाही. उरले ६०० किलो, म्हणजे एका बाजूला ३००. मूळ पाट्यांचा कडकपणा मिलिमीटरला ३ किलो धरला तर ते १०० मिलिमीटर दबून उभे. दोन पाटे वाढवल्यावर कडकपणा साडेचार झाला असं धरू. आता तेच ३०० किलो त्यांना जेमतेम ६७ मिलिमीटर दाबतात.

ते दबलेलं अंतर वाया गेलेलं नसतं. चाक खड्ड्यात उतरायचं झालं तर तेवढीच त्याची शिल्लक असते. १०० मिलिमीटर दबलेला पाटा चाकाला १०० मिलिमीटरपर्यंत खाली रेटत राहतो. ६७ दबलेला ६७ पर्यंत. पाणंदीतल्या माझ्या चाकाचं हेच झालं होतं.

आणि बदल्यात मिळालं काय? लडाखचं सामान २८० किलो, एका बाजूला १४०. मूळ पाट्यांवर गाडी त्याने ४७ मिलिमीटर बसली असती. कडक पाट्यांवर ३१ बसली. फरक १६ मिलिमीटरचा, म्हणजे बोटाच्या रुंदीएवढा. वर्षातल्या पंधरा दिवसांसाठी एक बोट उंची मिळवली आणि उरलेले साडेतीनशे दिवस हाडं खिळखिळी करून घेतली. गाडी जी रुबाबदार उभी दिसत होती, ती नव्या पाट्यांना दिलेल्या जादा बाकामुळे. उंची आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळलं असतं तर मूळ पाट्यांनाच थोडा बाक देऊन घेतला असता, किंवा जुने थकले असतील तर त्याच जाडीचे नवे घातले असते.

या विषयावर पारावर किंवा गॅरेजमध्ये ज्या गप्पा चालतात, त्यातला निम्मा गोंधळ इथून सुरू होतो. ‘दोन इंची स्प्रिंग घातली’ असं कोणी सांगतो तेव्हा तो फक्त उंची सांगत असतो. लांब पण तितकीच मऊ स्प्रिंग गाडी उचलते आणि चाल तशीच ठेवते. आखूड पण कडक स्प्रिंगही गाडी तितकीच उचलते, चाल मात्र बैलगाडीची करून टाकते. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्या दिसतात.

कडकपणा कशाने वाढतो याचे आकडे पाहिले की अंदाजाने पाटे घालण्याचा धीरच होत नाही. पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरचा पाटा घातला, डोळ्याला फरक कळणारही नाही, पण तो एकटा पाटा ५९ टक्क्यांनी कडक झाला. कॉईलमध्ये तर तारेच्या जाडीचा चौथा घात लागतो. १४ मिलिमीटरची तार १५ ची केली की कडकपणा ३२ टक्क्यांनी चढतो. फेरे कमी केले तरी चढतो; आठ मोकळ्या फेऱ्यांतला एक कापून टाकला की उरलेली स्प्रिंग १४ टक्के जास्त कडक. म्हणून ‘थोडीशी जाड चालेल ना?’ या प्रश्नाला माझं उत्तर नेहमी ‘नाही’ असतं. यातला जो आकडा थोडासा वाटतो, तोच जास्त घात करतो.

चाल म्हणजे नेमकं काय, यासाठी एक सुंदर सूत्र आहे. गाडी आपल्या वजनाने स्प्रिंगवर किती मिलिमीटर दबून उभी आहे, एवढ्या एका आकड्यावरून ती मिनिटाला किती वेळा वरखाली डुलेल हे ठरतं. २५० मिलिमीटर दबली असेल तर साठेक वेळा. १०० दबली तर पंचाण्णव. ६७ दबली तर एकशे सोळा. माणूस चालताना मिनिटाला शंभर-एकशेवीस पावलं टाकतो, म्हणजे आपलं शरीर जन्मभर साधारण त्याच तालात वरखाली होत आलं आहे. गाडीचं डुलणं त्या तालाच्या जरा खाली राहिलं तर अंगाला मानवतं. वर जायला लागलं की मणके तक्रार करतात. माझ्या गाडीत मागे बसणारे मित्र त्या वर्षी एकेक करून पुढची सीट मागायला लागले होते.

तरीही मागची स्प्रिंग पुढचीपेक्षा थोडी कडक ठेवतात, त्याचं कारण वेगळं आहे. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली नावाचा इंजिनिअर, आधी रोल्स-रॉइसमध्ये आणि मग अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये, एका मोठ्या गाडीला पुढे-मागे हलवता येणारी वजनं लावून ती रस्त्यावर पळवत होता. त्याला आढळलं की पुढची बाजू मऊ आणि मागची जरा कडक असली की गाडी सपाट डुलते, घोड्यासारखी मान टाकत नाही. कारण सरळ आहे. खड्डा आधी पुढच्या चाकांना भेटतो, मागच्यांना थोडा उशिरा. मागची बाजू जरा जलद डुलली तर तो उशीर भरून काढून ती पुढच्या बाजूला गाठते. नव्या थारची दोन चाकांतली लांबी २४५० मिलिमीटर. ताशी ५० किलोमीटरला तोच खड्डा मागच्या चाकाला सेकंदाच्या साधारण सहाव्या हिश्श्यात भेटतो. इथपर्यंत ऑलीचा हिशोब चोख बसतो. पण ओढ्यातल्या धोंड्यांवरून ताशी ५ किलोमीटरने गाडी सरकत असते तेव्हा तो उशीर पावणेदोन सेकंदांचा होतो. पुढची बाजू केव्हाच डुलून शांत झालेली असते. तिथे ऑलीचा नियम लागू पडत नाही. तिथे एकच प्रश्न उरतो, चाक जमिनीला लागलं आहे की नाही. डांबरी रस्त्याची मागची स्प्रिंग आणि रानातली मागची स्प्रिंग यांच्यातलं भांडण ते हेच, आणि एकाच गाडीतून दोन्हीकडे जाणाऱ्या माणसाला ते रोज मिटवावं लागतं.

पाटे की कॉईल, या वादात मी फार वेळ घालवणार नाही, कारण बहुतेकांच्या बाबतीत तो कारखान्यानेच मिटवलेला असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला चारही चाकांना पाटे होते. त्याच जीपा महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जोडायला घेतल्या, आणि आपल्याकडे जीप म्हणजे पाटे हे समीकरण पुढची साठेक वर्षं टिकलं. १९८५ ची जिप्सीही पुढे-मागे पाट्यांचीच. तिकडे इंग्लंडात १९७० साली रेंज रोव्हरने चारही चाकांना लांब पल्ल्याच्या कॉईल दिल्या आणि रानात जाणारी गाडी आरामदार असू शकते हे दाखवून दिलं. अमेरिकेतली रँग्लर १९९७ च्या मॉडेलपासून कॉईलवर आली. आपल्याकडे २०२० साली नाशिकात तयार व्हायला लागलेल्या थारने मागचे पाटे सोडले, आणि जिप्सीची वारसदार म्हणून २०२३ मध्ये आलेली जिम्नीही पुढे-मागे कॉईलचीच.

याचा अर्थ पाटे मागासलेले असा कोणी घेऊ नये. ऑस्ट्रेलियात जिथे माणसं मागे भरभक्कम सामान टाकून शेकडो किलोमीटर कच्च्यातून जातात, तिथल्या लँड क्रूझर ७० मालिकेच्या गाड्या पुढे कॉईलवर आल्या तरी मागे पाटेच ठेवून आहेत. पाटा फक्त भार उचलत नाही; एक्सल जागेवर धरून ठेवण्याचं कामही तोच करतो. कॉईलला ते जमत नाही. ती फक्त उभी दबते, म्हणून तिच्या सोबतीला दांडे लागतात. मुक्कामी पाटा तुटला तर गावातला लोहारही वाट काढतो. कॉईल तुटली तर शहर गाठावं लागतं. उलट बाजूने, पाटे एकमेकांवर घासतात. त्या घासण्यामुळे बारीक खड्ड्यांत ते दबतच नाहीत, अडकून बसतात. धूळ आणि गंज शिरला की आणखीच. पहिल्या गिअरमध्ये खड्या चढावर जोर लावला की मऊ पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळतात, एक्सलचं तोंड वर होतं आणि प्रोपेलर शाफ्टचे सांधे ठणकायला लागतात. म्हणजे पाटा मऊ करत नेण्यालाही हद्द आहे. दुसऱ्या प्रकरणाचा निम्मा भाग या हद्दीवर खर्च झाला आहे.

ज्यांना महिन्यातून दोनदा भार आणि एरवी काहीच नाही, अशांसाठी मधला मार्ग असतो. पाट्यांत खालचा एक जाड, जवळजवळ सरळ पाटा, जो रिकाम्या गाडीत कशालाही टेकलेला नसतो. गाडी भरून बसली की वरचे पाटे त्याच्यावर येऊन टेकतात आणि मग तो कामाला लागतो. कॉईलमध्ये हेच काम फेऱ्यांमधलं अंतर कमी-जास्त ठेवून करतात: जवळचे फेरे आधी मिटतात, मग उरलेली स्प्रिंग कडक वाटते. काही जण कॉईलच्या पोटात हवेची पिशवी बसवतात आणि सामान असेल तेव्हा हवा भरतात. मला पहिला उपाय सर्वांत आवडतो, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नाही. पिशवीचा एक धोका मात्र आत्ताच सांगतो. रानात हवा काढायला विसरलात तर माझ्या पाणंदीतला प्रसंग तुमच्यावरही येईल, आणि सगळीकडे ट्रॅक्टर भेटत नाही.

उंचीच्या हौसेबद्दल थोडं कडवट लिहिलं आहे, वाचकांनी राग मानू नये. अलीकडे गाडी तीन-चार इंच उचलून घेण्याची हौस आली आहे. उचललेल्या गाडीचं वजन वर जातं आणि घाटातल्या वळणावर ती अंग टाकते. ब्रेकचा पाइप ताणला जातो. शाफ्टचा कोन वाढतो. कॉईलवाल्या पुष्कळ गाड्यांत एक्सलला आडवा धरणारा दांडा असतो, तो गाडी उचलल्यावर एक्सलला एका बाजूला ओढतो आणि मागून पाहिलं तर चाकं खेकड्यासारखी तिरकी चालताना दिसतात. शॉकअप जुन्याच लांबीचे राहिले तर ते चाकाला खाली सुटू देण्याऐवजी टांगून धरतात. लांब शॉकअप घातले आणि कॉईल आखूड राहिली तर चाक पूर्ण खाली गेल्यावर स्प्रिंग आपल्या जागेतून निसटते. कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९ मधल्या निकालाप्रमाणे, कारखान्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत असा फेरबदल गाडीत करता येत नाही. अपघातानंतर विम्याचा माणूस टेप घेऊन येतो तेव्हा हे कलम आठवून उपयोग नसतो.

जुन्या पाट्यांबद्दल एकच गोष्ट. तुटलेला पाटा वेल्डिंग करून घेऊ नका, कोणी कितीही खात्री दिली तरी. स्प्रिंगचं पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवून तयार केलेलं असतं. वेल्डिंगच्या ठिणगीने ती सगळी मेहनत त्या एका जागेपुरती पुसली जाते आणि पाटा पुढच्या वेळी जोडाच्या शेजारीच तुटतो. पाटे नवे घातल्यावर यू-बोल्ट काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, हे तर सगळेच सांगतात आणि कोणीच करत नाही. मी एकदा केलं नाही. सेंटर बोल्ट तुटला, एक्सल एका बाजूला दोन बोटं मागे सरकला आणि गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालत घरी आली.

हे सगळं वाचूनही पुस्तकाच्या मधल्या कोष्टकांकडे थेट उडी मारणारे वाचक असतील. ऑस्ट्रेलियातले स्प्रिंगवाले मागच्या स्प्रिंग कायमच्या जादा भाराप्रमाणे विकतात: काहीच नाही, इतक्या किलोपर्यंत, त्याहून जास्त. ही पद्धत चांगली आहे, फक्त त्यात एक खोच आहे. माणूस आपल्या सामानाचं वजन कधीच खरं सांगत नाही. कोणी निम्मं सांगतो, कोणी भीतीपोटी दुप्पट. मी दुप्पट सांगितलं होतं. वजन कुठे आहे हेही कोणी सांगत नाही. मागच्या दारावर लटकलेलं तीस किलोचं जादा चाक एक्सलच्या एक मीटर मागे असेल तर मागच्या एक्सलवर तीस नाही, बेचाळीस किलो चढवतं, आणि वरचे बारा पुढच्या एक्सलवरून उचलून आणतं. सी-सॉवर बसलेल्या मुलाला हे कळतं, आपल्याला कळायला वेळ लागतो.

म्हणून स्प्रिंग विकत घेण्याआधी गाडी काट्यावर न्या. आपल्याकडे दर तालुक्यात वजनकाटा आहे आणि साखर कारखाना असेल तिथे तर हमखास. गळीत हंगामात जाऊ नका, उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत दिवस जाईल. आधी पूर्ण गाडी काट्यावर घ्यायची. मग पुढची चाकं पलीकडे उतरवून फक्त मागची काट्यावर ठेवायची. गाडी न्यूट्रलमध्ये, ब्रेक सोडलेला, काटा आणि पुढची जमीन एका पातळीत. दहा-वीस किलोचा फरक काटाच करतो, तेवढा सोडून द्या. त्याच दिवशी टेपने चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. मोजण्याआधी गाडी दहा पावलं पुढे-मागे ढकला आणि मागच्या बंपरवर दोनदा बसून उठा. नाहीतर पाटे घासणीत अडकून बसतात आणि मोजमाप खोटं येतं. घरचा मुलगा हे काम आनंदाने करतो. हे सगळं दोनदा, रिकाम्या गाडीचं एकदा आणि तुम्ही खरोखर प्रवासाला निघता तशा भरलेल्या गाडीचं एकदा.

माझ्या दोन पावत्या अजून जपून ठेवल्या आहेत आणि या पुस्तकातली सगळी उदाहरणं त्यांच्यावरच उभी आहेत. जादा पाटे काढून टाकल्यावर मी हंगाम संपलेल्या एका कारखान्याच्या काट्यावर गेलो होतो. काटेवाला एकटाच रेडिओ ऐकत बसला होता. पावतीवर मालाचा रकाना असतो. त्याने पेन उचलून विचारलं, ‘माल काय लिहू?’ म्हटलं, काही नाही, रिकामी आहे. मागच्या एक्सलला ७८०. पंधरा दिवसांनी तंबू, भांडी, पाण्याचे कॅन, दोन मुलं आणि त्यांची आई यांच्यासह परत गेलो. १०६०. या वेळी त्याने विचारलंच नाही. एकदा गाडीत डोकावला आणि मालाच्या रकान्यात लिहिलं, ‘संसार’.